पंखांचा पोषाख आणि पहिलें उड्डाण

वैशाखाच्या भर दुपारीं सीताबर्डीच्या किल्ल्याभोंवतीं आकाशाकडे दृष्टि टाकली असतां, तापून वर चढणाऱ्या हवेवर पंख न हालवितां घिरट्या घालणाऱ्या घारी कोणाच्याहि नजरेस पडतील. त्यांच्याकडे पाहून 'आपणांसहि असें उडतां आलें तर!' हा विचार ज्याच्या मनांत कधींच आला नाहीं, असा विद्यार्थी विरळाच. ही इच्छा आतां केवळ कल्पनेंत राहिलेली नाहीं. 'विंगसूट' नांवाचा पंखांचा पोषाख घालून विमानांतून उडी घेणारे साहसी लोक आज अनेक देशांत आहेत. आपल्या वायुसेनेंतील विंग कमांडर तरुण चौधरी यांनीं जुलै २०१९ मध्यें जोधपूर येथें हेलिकॉप्टरमधून अशी उडी घेतली होती.

वर्गांत एकदां हा विषय निघाला असतां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, पंख लावून माणूस उडूं लागला आहे, मग त्याच्या पाठीवर हवाईछत्री कशाला हवी?" प्रश्न साधा होता, परंतु या साहसाचें सारें मर्म त्याच्या उत्तरांत सांठविलेलें आहे. किंबहुना जो कोणी हा पोषाख पहिल्यानेंच घालणार असेल, त्याच्या जिवाचें रक्षणहि त्याच उत्तरांत आहे.

या पोषाखाची रचना प्रथम पाहूं. दोन्ही हात व धड यांच्यामध्यें एकेक आणि दोन पायांच्या मध्यें एक, असे दुहेरी कापडाचे तीन पंख त्याला शिवलेले असतात. समोरची हवा झरोक्यांतून आंत शिरली कीं ते उशीसारखे फुगून ताठ होतात. साधी उडी घेणारा मनुष्य पालथा पडत असतां ताशीं सुमारें १९० किलोमीटर वेगानें खालीं येतो. पंख पसरतांच हा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो आणि एक मीटर उतरतांना तो दोन मीटर किंवा त्याहूनहि अधिक पुढें सरकतो. ४,००० मीटर उंचीवर विमान सोडून १,५०० मीटरांवर छत्री उघडणारा मनुष्य मधल्या काळांत पांच किलोमीटर, म्हणजे सीताबर्डीपासून अंबाझरीच्या तलावाइतकें अंतर, कापूं शकतो.

तथापि हें खरें उडणें नव्हे. हें लांबविलेलें पडणें आहे. घार शेवटच्या क्षणीं पंख उभारून आपला वेग मोडते आणि फांदीवर अलगद बसते. मनुष्याला तें साधत नाहीं. मे २०१२ मध्यें गॅरी कॉनरी या इंग्रज साहसवीरानें छत्री न उघडतां या पोषाखांत भूमि गांठली खरी. पण त्यासाठीं पुठ्ठ्याच्या अठरा हजारांहून अधिक खोक्यांची गादी रचावी लागली होती. इतरांना सुखरूप उतरविणारी वस्तु एकच, ती म्हणजे पाठीवरची छत्री. पंख प्रवास घडवितात. घरीं पोंचविते ती छत्री.

या विद्येचा इतिहासहि हेंच सांगतो. क्लेम सोन या अमेरिकन तरुणानें कापडी पंखांनीं अनेक उड्डाणें यशस्वी केलीं होतीं. २५ एप्रिल १९३७ रोजीं फ्रान्समधील व्हँसेन येथें मोठ्या जनसमुदायासमोर त्याचे पंख नीट चालले. पण नंतर पहिली छत्री उघडली नाहीं आणि राखीव छत्री गुंतली. लेओ व्हॅलांतँ हा फ्रेंच वीर २१ मे १९५६ रोजीं लिव्हरपूलजवळ लांकडी पंख बांधून उडाला. विमान सोडतांना त्याचा पंख विमानाला आपटला, तो गरगरत खालीं गेला आणि त्याच्या छत्र्या पूर्ण उघडूं शकल्या नाहींत. आधुनिक पोषाखाचा जनक पात्रिक द गायार्दों १३ एप्रिल १९९८ रोजीं हवाई बेटांत मृत्यु पावला, तो छत्रीच्या बांधणींत केलेल्या फेरबदलामुळें. हे तिघेहि अनुभवी होते. तिघांचा घात मधल्या विहारांत झाला नाहीं. एकाचा विमान सोडण्याच्या क्षणीं झाला, दोघांचा पंखांकडून छत्रीकडे जाण्याच्या क्षणीं. नवशिक्यानें आपलें सर्व लक्ष याच दोन उंबरठ्यांवर ठेवावें.

आतां तयारीविषयीं. अमेरिकेच्या राष्ट्रीय पॅराशूट संघटनेच्या नियमाप्रमाणें किमान २०० साध्या उड्या झाल्याशिवाय कोणासहि हा पोषाख घालतां येत नाहीं. ही अट जाचक वाटेल. परंतु तिचें कारण सयुक्तिक आहे. पहिल्या उड्डाणांत मन नवलाईनें भरून गेलेलें असतें. अशा वेळीं छत्री उघडणें, ती बिघडल्यास सोडून देऊन राखीव छत्री काढणें आणि जमिनीवर उतरणें या क्रिया हाताच्या संवयीच्या झालेल्या असल्या तरच त्या बिनचूक होतात. दुसरें असें कीं, चित्रफिती पाहून ही विद्या येत नाहीं. जाणत्या शिक्षकाकडून जमिनीवर सर्व पाठ घ्यावे आणि पहिलें उड्डाण त्याच्याच सोबतीनें करावें. पोषाख लहान पंखांचा, नवशिक्यांसाठीं केलेला असावा. मोठे पंख अधिक दूर नेतात, पण ते तितकेच अनावरहि होतात.

छत्रीचीहि निवड विचारपूर्वक करावी. ती मोठी, शांतपणें उघडणारी असावी. शर्यतीची चपळ छत्री येथें घातक होय. पसरलेल्या पंखांच्या मागें मंद हवेचा मोठा पट्टा निर्माण होतो. मोठ्या छत्रीला ओढून काढणारी लहान छत्री त्या पट्ट्यांत अडकली तर नुसतीच घुटमळत राहते. म्हणून ती पुरेशी मोठी असावी आणि तिची पट्टी लांब असावी, म्हणजे ती वाहत्या हवेपर्यंत पोंचेल.

एक चूक तर अगदीं क्षुल्लक दिसते, पण प्राणांतिक आहे. छत्रीचे मांडीवरचे पट्टे या पोषाखाखालीं झांकले जातात. ते आवळावयाचे राहिले तरी पोषाख सर्व कांहीं अंगाशीं घट्ट धरून ठेवतो, त्यामुळें घालणाऱ्यालाहि उणीव भासत नाहीं. छत्री उघडण्याच्या हिसक्यानें मात्र मनुष्य पट्ट्यांतून निसटूं शकतो. यास्तव विमानांत चढण्यापूर्वीं आणि उडीपूर्वीं पुन्हां, हातानें चांचपून दोन्ही पट्टे पाहावे व सोबत्याकडूनहि पाहवून घ्यावे. ज्याला अशी तपासणी करून घेण्याची लाज वाटते, त्यानें जमिनीवरच राहावें.

पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांनीं फेब्रुवारी २०१८ मध्यें थायलंडमध्यें नऊवारी नेसून सुमारें १३,००० फुटांवरून उडी घेतली, ही हकीकत पुष्कळांनीं कौतुकानें वाचली असेल. तींतून एक बोध घेण्यासारखा आहे. वाऱ्यांत वस्त्राची एखादी घडी सुटली तर ती छत्रीची मूठ झांकूं शकते. म्हणून नेहमींपेक्षां वेगळें वस्त्र अंगावर असतां मुठी सांपडतील कीं नाहीं, हें जमिनीवरच ठरवावें लागतें. पंखांच्या पोषाखालाहि हाच नियम लागू आहे. तो अंगावर घालून, डोळे मिटून, प्रत्येक मुठीवर हात नेण्याचा सराव शेंकडों वेळां करावा.

विमान सोडतांना पंख मिटलेलेच ठेवावे. दाराशीं ते उघडले तर वारा मनुष्याला उचलून विमानाच्या शेपटीवर आदळूं शकतो. बाहेर पडल्यावर मनांत दोन-तीन अंक मोजावे, शेपटी दूर गेली अशी खात्री करावी आणि मगच प्रथम हात व पाय समतोल पसरावे. वैमानिकाला या उडीची कल्पना आधींच दिलेली असावी. इतर उडी घेणारे बहुधा अगोदर उतरतात. त्यांच्या उघडलेल्या छत्र्या विमानाच्या मार्गाखालीं असतात, म्हणून त्या रेषेपासून बाजूला वळून, ठरलेल्या वाटेनेंच जावें. स्थिर होतांच छत्रीच्या मुठीला दोन-तीनदां हात लावून पाहावा. खुणेच्या जागा, जसे रस्ता, तलाव किंवा धांवपट्टी, वारंवार न्याहाळाव्या. वाऱ्याविरुद्ध परतणें पंखांनाहि कठीण जातें.

पंखांचा सर्वांत मोठा धोका हा कीं ते पडण्याची जाणीव झांकतात. साध्या उडींत सुमारें पन्नास सेकंदांत जें पडणें संपतें, तें येथें दीड मिनिटापर्यंत चालतें. शेंकडों उड्यांनीं मनांत तयार झालेलें घड्याळ आतां उपयोगाचें राहत नाहीं. म्हणून दर कांहीं सेकंदांनीं उंचीमापकाकडे पाहावें आणि कानाशीं सूचना देणारें यंत्रहि शिरस्त्राणांत ठेवावें. राखीव छत्री आपोआप उघडणाऱ्या यंत्रावर तर येथें मुळींच विसंबूं नये. सामान्य बनावटीचें असें यंत्र सुमारें २२५ मीटर उंचीवर, तेंहि पडण्याचा वेग ताशीं सुमारें १२५ किलोमीटरांहून अधिक असेल तरच चालतें. पंख पसरलेला मनुष्य याहून सावकाश उतरत असल्यामुळें, तो शुद्धीवर नसला तरी यंत्र स्तब्ध राहूं शकतें.

शरीर गरगरूं लागलें तर पंखांशीं झुंज घेऊं नये. पंख मिटावे, हातपाय आंत घ्यावे, शरीर पुन्हां स्थिर करावें; आणि थोडक्या अवकाशांत तें साधलें नाहीं तर उंची शिल्लक असतांनाच छत्री उघडावी. उडी फुकट गेली तर दुसरी घेतां येते.

आतां दुसरा उंबरठा. पहिल्या उड्डाणांत छत्री साधारणतः ५,००० फुटांच्या वरच उघडावी. ठरलेली उंची येतांच, उड्डाण कितीहि सुंदर चाललेलें असो, हाताच्या खुणेनें शिक्षकास सूचना द्यावी, दोन्ही हात एकाच वेळीं मागें न्यावे, लहान छत्री जोरानें वाऱ्यांत फेकावी आणि पंख लगेच मिटून शरीर सरळ ठेवावें. एक पंख उघडा व एक मिटलेला राहिला तर शरीर वळतें आणि छत्रीच्या दोऱ्यांना पीळ पडतो. छत्री उघडल्यावर ती नीट आहे काय, हें प्रथम पाहावें. नीट असल्यास हातांचे व पायांचे पंख सोडवून हातपाय मोकळे करावे. कित्येक पोषाखांत हात सोडविल्याशिवाय छत्रीचे पट्टे हातीं येत नाहींत. ती बिघडलेली असल्यास मात्र पंख सोडविण्यांत क्षणहि न दवडतां संकटकाळच्या मुठींकडे जावें. आणि ठरलेल्या मैदानापर्यंत पोंचत नाहीं असें दिसलें, तर अट्टाहास न करितां उंचावर असतांनाच दुसरी मोकळी जागा निवडावी.

चित्रफितींत डोंगरकड्यांवरून उडणारे लोक पाहून कोणास आपला कोंकणकडा आठवेल. ती विद्याच वेगळी आहे. तेथें उंची थोडी, खडक जवळ, आणि चुकीला सवड नाहीं. रशियाचा व्हालेरी रोझोव्ह हिमालयांतील उड्यांनीं जगप्रसिद्ध झाला होता. त्यालाहि नोव्हेंबर २०१७ मध्यें नेपाळांतील अमा दब्लम या शिखरावरून उडी घेतांना मृत्यूनें गांठलें. नवशिक्यानें तिकडे दृष्टिहि टाकूं नये.

विद्यार्थिमित्रांनो, आपणांपैकीं बहुतेकांना अशी उडी घेण्याचा प्रसंग कधींच येणार नाहीं. तरी वर्गांतील त्या प्रश्नाचें उत्तर ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. घारीचे पंख तिला घरट्यापर्यंत नेतात. माणसाचे पंख वाटेंतच मिटावे लागतात. आकाशांत आनंद ऐन भरांत असतां, उंचीमापकाचा कांटा पाहून, ज्याला ते वेळेवर मिटतां येतात, तोच दुसऱ्या दिवशीं पुन्हां उडतो.