गिऱ्हाइकाची पावलं कोण ओढतं?

कोथिंबिरीची जुडी आणायला तुम्ही किती लांब जाल? कोपऱ्यापर्यंत, फार तर चौकापर्यंत. तिथं भाजीवाली दिसली नाही, तर आज आमटीवर कोथिंबीर नाही, असा सरळ निकाल लागतो. आता दुसरा प्रश्न. घरात लग्न ठरलंय आणि बस्ता बांधायचाय. किती लांब जाल? साताऱ्याहून, नगरहून, बार्शीहून अख्खी कुटुंबं आत्या-मावश्यांसकट गाडी करून पुण्याच्या लक्ष्मी रोडवर उतरतात. पैठणीसाठी तर मुंबईची माणसं थेट येवला गाठतात.

माणूस तोच, पाय तेच, खिसाही तोच. मग एका वस्तूसाठी शंभर पावलं जड होतात आणि दुसरीसाठी शे-दोनशे किलोमीटर काहीच वाटत नाहीत, हे कसं? गिऱ्हाइकाच्या पावलांना काही नियम असतो का?

असतो! आणि तो जेव्हा कागदावर मांडला गेला, तेव्हा त्याचं रूप निघालं न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाचं.

१९२०च्या दशकात अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात विल्यम रायली हे अभ्यासक एका साध्या प्रश्नाच्या मागे लागले होते. दोन शहरांच्या मधोमध कुठंतरी एक गाव आहे, तर त्या गावचे लोक खरेदीला कोणत्या शहरात जातील? १९३१ साली त्यांनी उत्तर पुस्तकरूपात छापलं. शहराची लोकसंख्या जितकी मोठी, तितकी त्याची ओढ मोठी. आणि अंतर वाढलं, की ती ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट झालं, की ओढ चौथाई. तिप्पट झालं, की नववा हिस्सा. न्यूटननं १६८७ साली ग्रहांसाठी जे लिहिलं, त्यात वस्तुमानाच्या जागी लोकसंख्या घातली की झालं!

जरा थांबून विचार करा. ग्रहाला मन नसतं. माणसाला असतं. तो भाव करतो, रुसतो, मेहुण्याच्या सांगण्यावरून दुकान बदलतो. एकेका माणसाचं काही सांगता येत नाही. पण हजारो माणसं एकत्र पाहिली, की त्यांच्या पायांखालून एक सूत्र डोकावू लागतं.

या सूत्राच्या पोटात धाकट्यांसाठी एक भेट दडलेली आहे. १९४९ साली पॉल कन्व्हर्स यांनी त्यातून दोन बाजारपेठांमधली सीमारेषा काढायची रीत दिली. समजा, एक शहर दुसऱ्याच्या नऊपट मोठं आहे आणि दोघांत ४० किलोमीटरचं अंतर आहे. धाकट्याचा वाटा किती? दहावा हिस्सा, म्हणजे ४ किलोमीटर, असं आपल्याला वाटतं. गणित सांगतं, १० किलोमीटर! कारण सीमा ठरवताना नऊ नव्हे, नऊचं वर्गमूळ, म्हणजे तीन, मोजलं जातं. थोरला नऊपट असूनही सीमा त्याच्यापासून फक्त तिप्पट लांब पडते. मोठेपणाची ताकद अशी वर्गमुळात विरघळते, आणि जवळ असण्याची ताकद मात्र वर्गानं वाढते.

हे झालं शहरांचं. आपल्या गल्लीतल्या दुकानाचं काय?

१९६०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड हफ यांनी तोच विचार एकेका दुकानापर्यंत आणला. शहराच्या लोकसंख्येऐवजी त्यांनी दुकानाचं क्षेत्रफळ घेतलं. आणि 'गिऱ्हाईक इथंच जाईल' असं ठोकून सांगण्याऐवजी 'इथं जाण्याची शक्यता इतकी' असं म्हटलं. किती माणसासारखं! आपण काही एकाच दुकानाला बांधलेले नसतो. दहा वेळांतून आठ वेळा इथं, दोनदा तिथं, असं आपलं चालतं.

चला, करून पाहू. घरापासून २०० मीटरवर २०० चौरस फुटांचं किराणा दुकान आहे. दोन किलोमीटरवर ४,००० चौरस फुटांचं झगझगीत सुपरमार्केट आहे. सुपरमार्केट वीसपट मोठं आणि दहापट लांब. दहाचा वर्ग शंभर. वीसला शंभरानं भागा, उत्तर एक पंचमांश. म्हणजे सहा फेऱ्यांपैकी पाच किराणा दुकानात आणि एक सुपरमार्केटमध्ये! वीसपट मोठ्या प्रतिस्पर्ध्यासमोर तो २०० चौरस फुटांचा खण पाचपट ओढीनं उभा आहे, तेही एकही जाहिरात न करता.

पण वर्गच का? इथं कोथिंबीर आणि बस्त्याचं कोडं सुटतं. हफ यांच्या सूत्रात अंतराचा घात ठरलेला नाही, तो वस्तूगणिक बदलतो. वर्गाऐवजी घन घ्या. दहाचा घन हजार, त्याच्यापुढे वीसपट आकार काय टिकणार? ५१ फेऱ्यांपैकी ५० कोपऱ्यावर जातील. ही झाली कोथिंबीर, दूध, पाव यांची तऱ्हा. आता घात एकावर आणा. वीसला दहानं भागलं, की दोन. तीनपैकी दोन फेऱ्या लांबच्या मोठ्या दुकानाकडे वळल्या! हा झाला बस्ता. दुकानं तीच, रस्ता तोच, फक्त पिशवीत काय येणार ते बदललं आणि सगळी ओढ उलटी फिरली.

आणखी एक बारकावा आहे, आणि तो छोट्या दुकानदारासाठी सोन्याचा आहे. हफ यांनी अंतर किलोमीटरमध्ये नव्हे, तर पोचायला लागणाऱ्या वेळात मोजलं. म्हणजे अंतर कमी करायला दुकान हलवायची गरज नाही! ओलांडता न येणारा रस्ता, गाडी लावायला नसलेली जागा, बिलाची रांग, सुट्ट्या पैशांची घासाघीस, हे सगळं अंतरच आहे. आणि 'यादी पाठवा, पोऱ्या आणून देतो' म्हणणारा वाणी गिऱ्हाइकाच्या बाजूचं अंतर जवळजवळ पुसूनच टाकतो. 'राहू द्या, पुढच्या वेळी द्या' म्हणत वहीत नाव लिहिणाराही तेच करतो, कारण पाकीट घरी विसरलेल्या माणसासाठी घरापर्यंतची दुसरी फेरी वाचते.

मग आता एक मोठी शंका. जवळ असणं इतकं मोलाचं असेल, तर दुकानं शहरभर विखुरलेली हवीत. पण पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जा. पुस्तकाच्या दुकानाला लागून पुस्तकाचं दुकान, त्याला लागून आणखी एक. मुंबईत लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्स, लोहार चाळीत विजेचं सामान, झवेरी बाजारात सोनं. कोल्हापूरच्या गुजरीत सराफाला सराफ चिकटून. इतकी जागा असताना माणूस प्रतिस्पर्ध्याच्या दारातच का येऊन बसतो?

अर्थतज्ज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९२९ साली याचं एक सुंदर उत्तर दिलं. एक लांबलचक रस्ता कल्पा, त्यावर सारख्या अंतरानं घरं, आणि एकच माल विकणारी दोन दुकानं, एक या टोकाकडे, दुसरं त्या टोकाकडे. पहिला दुकानदार विचार करतो, मी थोडा मध्याकडे सरकलो तर माझ्या मागची घरं माझीच राहतील आणि पुढची काही नवी मिळतील. दुसराही तेच करतो. सरकत सरकत दोघं रस्त्याच्या मधोमध खांद्याला खांदा लावून उभे राहतात! कुणी सांगितलं नाही, कुणी करार केला नाही.

पण यात गिऱ्हाइकाचं नुकसान आहे, टोकाकडच्या घरांना उगाच जास्त चालावं लागतं. अप्पा बळवंत चौकात मात्र गिऱ्हाईक खूश असतं. का? कारण तिथं एका दुकानात पुस्तक नाही मिळालं, तर दहा पावलांवर दुसरं आहे. सोनं, साडी, पुस्तक या वस्तू आपण पाहून, ताडून, तुलना करून घेतो. १९५८ साली रिचर्ड नेल्सन यांनी दुकानांच्या जागांवर पुस्तक लिहिलं, त्यात हे तत्त्व स्पष्ट मांडलं आहे: एकाच प्रकारची दुकानं विखुरलेली असताना जितका धंदा करतील, त्याहून जास्त ती शेजारी शेजारी असताना करतात. देवळापुढच्या दीपमाळेसारखं आहे हे. एकटी पणती वेशीवरून दिसत नाही, पण सगळ्या एका खांबावर उजळल्या की लांबच्या शेतातूनही दिसतात.

आता ते सूत्र पुन्हा आठवा. एकट्या दुकानाचं वस्तुमान चिमूटभर. पण साठ दुकानं एकत्र आली, की गिऱ्हाइकाला ओढतं ते साठांचं मिळून झालेलं वस्तुमान. आठ फुटांचा गाळासुद्धा ती ओढ उसनी घेतो. शेजारचा स्पर्धक गिऱ्हाईक पळवतो हे खरं, पण ते गिऱ्हाईक मुळात या गल्लीपर्यंत आणतोही तोच!

आणि ज्याच्याकडे गाळाही नाही, त्याचं काय? सूत्रात अंतर भाजकात आहे. ते शून्याकडे गेलं तर? भागाकार फुगत फुगत आभाळाला भिडतो! १९६०च्या दशकात दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी वडापाव विकायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्याकडे आकार नव्हता, पण अंतर शून्य होतं. गाडी पकडायला निघालेला माणूस वडापावसाठी एकही पाऊल वाकडं टाकत नाही, वडापाव त्याच्या वाटेतच असतो. देवळाबाहेरची हारवाली, कोर्टाबाहेरचा झेरॉक्सवाला, शाळेच्या फाटकावरचा बोरं-चिंचा विकणारा, सगळे याच शून्याचे धनी.

यापुढचं आश्चर्य मला सगळ्यांत मोठं वाटतं. कधी कधी गिऱ्हाईक दुकानापर्यंत येऊच शकत नाही आणि गावही इतकं लहान, की दुकान कायम टिकू शकत नाही. जर्मन भूगोलतज्ज्ञ वॉल्टर क्रिस्टालर यांनी १९३३ साली दोन मापं सांगितली होती. एक पल्ला: गिऱ्हाईक एखाद्या वस्तूसाठी किती लांब येईल. दुसरा उंबरठा: दुकान तगायला किमान किती गिऱ्हाइकं लागतात. पल्ल्यात उंबरठ्याइतकी माणसंच नसतील, तर दुकान उघडणार कसं? १९६२ साली जेम्स स्टाइन यांनी कोरियातल्या बाजारांचा अभ्यास करून उत्तर मांडलं: अशा वेळी दुकानच चालू लागतं.

आपल्याकडे त्याला आठवडी बाजार म्हणतात. समजा, भांडीवाल्याला आठवड्याला ६० गिऱ्हाइकं हवीत आणि एका गावात मिळतात १०. तो गावात बसून राहिला तर उपाशी मरेल. पण सहा वारी सहा गावं केली, की ६० पुरे! प्रत्येक गाव सहा दिवस गरजा साठवतं आणि सातव्या दिवशी एकदम बाहेर काढतं. त्या एका दिवसापुरतं गाव मोठ्या पेठेइतकं वजनदार होतं. शेजारच्या गावांचे वार सहसा वेगळे असतात, कारण एकाच वारी दोन बाजार भरले तर विकणाराही वाटला जातो आणि घेणाराही. गोव्यात म्हापशाला शुक्रवारी जाऊन पाहा. बाजार तिथं रोजचाच आहे, पण शुक्रवारी मयड्याची केळी, मातीची मडकी, गावठी मिरच्या घेऊन बार्देशातली गावंच्या गावं तिथं उतरतात. गर्दीनं गर्दी ओढली जाते.

आता खिशातला फोन काढा आणि 'जवळचं शिवणकाम' किंवा 'जवळची पिठाची गिरणी' असं शोधा. यादीत कोण वर येतं? गूगलनं जाहीर सांगितलेले मुख्य निकष तीन आहेत: दुकान तुमच्या शोधाशी किती जुळतं, किती जवळ आहे, आणि किती नावाजलेलं आहे. ओळखीचं वाटतंय ना? जवळीक म्हणजे रायलींचं अंतर आणि नाव म्हणजे वस्तुमान! रायलींनी जे कागद-पेन्सिलीनं मांडलं, त्याच दोन दोऱ्या आज नकाशावर दुकानं वर-खाली करतात.

फरक एकच आणि तो फार आनंदाचा आहे. आता वस्तुमान चौरस फुटांत मोजलं जात नाही. लोकांनी लिहिलेले अभिप्राय, दिलेले तारे, दुकानाचे फोटो, बरोबर नोंदवलेल्या वेळा आणि फोन नंबर, यांनी ते वाढतं, आणि ही नोंद करायला पैसे लागत नाहीत. आठ फुटांच्या गाळ्यात बसून फॉल-पिको करणाऱ्या ताईंचं वजन मॉलमधल्या चकाचक शोरूमपेक्षा जास्त भरू शकतं.

म्हणून नवा धंदा काढणाऱ्यानं भाडं विचारण्याआधी स्वतःला विचारावं: माझा माल कोथिंबीर आहे की बस्ता? कोथिंबीर असेल, तर गिऱ्हाइकाच्या वाटेत उभं राहा आणि त्याचं प्रत्येक मिनिट वाचवा. बस्ता असेल, तर स्पर्धकांच्या गल्लीत बिनधास्त शिरा. आणि दोन्हीकडे गिऱ्हाईक पुरत नसेल, तर टेम्पोत माल भरा आणि पुढच्या गावाचा वार कोणता, ते विचारा.