वृद्धांच्या तोंडाची निगा : एकट्याचे नव्हे, सर्वांचे काम

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना घरी जाऊन पवित्र कम्युनियन देणाऱ्या धर्मगुरूंना, धर्मभगिनींना व प्रापंचिक सेवकांना एक अनुभव वारंवार येतो. आजी भक्तिभावाने हात जोडतात, 'आमेन' म्हणतात. परंतु पवित्र ओस्ती टाळूला चिकटून बसते, गिळवत नाही. घरची मंडळी ओशाळून सांगतात, "आता वय झालं. जेवणही जात नाही." आपण सहानुभूतीचे दोन शब्द बोलतो, प्रार्थना करतो व पुढच्या घराकडे वळतो.

परंतु कोरडे पडलेले तोंड, सैल झालेली कवळी, सुजलेली हिरडी, जिभेवर साचलेला पांढरा थर ही वार्धक्याची अटळ लक्षणे नव्हेत. यांपैकी बहुतेकांवर साधे उपाय आहेत. तरीही ते होत नाहीत, कारण वृद्धाचे तोंड कोणाच्याच वाट्याला आलेले नसते. डॉक्टर छाती तपासतात, परिचारिका रक्तदाब मोजते, सून वेळेवर जेवू घालते आणि दंतवैद्य आपल्या दवाखान्यात बसलेले असतात, जिथवर हा रुग्ण पोहोचू शकत नाही. प्रत्येक जण आपले काम प्रामाणिकपणे करतो, तरी तोंड तपासायचे राहून जाते.

तोंडाचा आणि देहाचा संबंध

दुर्बल वृद्धांच्या बाबतीत तोंडाची अस्वच्छता केवळ दुर्गंधीपुरती राहत नाही. गिळण्याची शक्ती मंदावली की लाळ व अन्नकण श्वासनलिकेत उतरतात, त्यांच्यासोबत तोंडातील जंतू फुप्फुसात जातात आणि न्यूमोनिया होतो. जपानमधील ११ वृद्धाश्रमांत ३६६ वृद्धांवर झालेला एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. एका गटात शुश्रूषा करणाऱ्यांनी प्रत्येक जेवणानंतर वृद्धांचे दात घासले आणि गरजेप्रमाणे दंतवैद्य वा त्यांचे साहाय्यक आठवड्यातून एकदा तोंड स्वच्छ करून गेले. दुसऱ्या गटात अशी व्यवस्था नव्हती. दोन वर्षांत दुसऱ्या गटातील १९ टक्के, तर पहिल्या गटातील ११ टक्के वृद्धांना न्यूमोनिया झाला. न्यूमोनियाने होणारे मृत्यूही पहिल्या गटात कमी होते. या यशामागे नवे औषध नव्हते. रोजचा ब्रश शुश्रूषा करणाऱ्याच्या हाती होता व त्याला दंतवैद्याची जोड होती, एवढेच.

मधुमेह व हिरड्यांचा विकार एकमेकांना बळ देतात. रक्तदाब, निद्रानाश व नैराश्य यांवरील अनेक औषधांनी लाळ कमी होते, मग दात लवकर किडतात व घास गिळताना अडकतो. चावता येत नाही म्हणून भाकरी सुटते, केवळ चहा-बिस्किटांवर दिवस निघतो आणि वजन घटत जाते. मराठवाड्यात मिश्री व तंबाखूची सवय आजही अनेक वृद्धांना आहे. त्यामुळे तोंडातील पांढरा वा लाल चट्टा, अथवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम, कर्करोगाची सूचना असू शकते. ती वेळीच कोणाच्या तरी दृष्टीस पडली पाहिजे.

केदारखेड्याहून पाहिले तर

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात पूर्णा नदीच्या काठी केदारखेडा वसले आहे. अशा गावातून न उठणाऱ्या आजोबांना तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी दंतवैद्याकडे नेणे म्हणजे गाडीचे भाडे, मुलाची एका दिवसाची मजुरी आणि वृद्धाचे हाल. विशेष उपचार हवे असतील तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयापर्यंत जावे लागते. म्हणूनच दात दुखेपर्यंत कोणी निघत नाही, आणि निघतात तेव्हा दात काढण्यावाचून मार्ग उरत नाही.

शासनाच्या व्यवस्थेत मात्र काही दारे उघडी आहेत. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून व मौखिक आरोग्याचा कार्यक्रम २०१४-१५ पासून सुरू आहे. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर ज्या आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले, त्यांच्या सेवांत मौखिक आरोग्य व वृद्धांची काळजी या दोहोंचा समावेश आहे. या केंद्रांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तेथील समुदाय आरोग्य अधिकारी व गावातील आशाताई यांना आपल्या घरातील वृद्धाच्या तोंडाविषयी सांगणे हा आपला हक्क आहे. आपण रक्तदाबाविषयी सांगतो, तोंडाविषयी सांगत नाही.

कोणी काय करावे

घरच्या व्यक्तीने रोज तोंड स्वच्छ करावे व आठवड्यातून एकदा उजेडात नीट पाहावे. आशाताई अथवा परिचारिका घरी आल्यास त्यांनी ओठ, जीभ, हिरड्या व कवळी यांवर नजर टाकावी. डॉक्टरांनी तोंड कोरडे करणारी औषधे बदलता येतात का, हे पाहावे. दंतवैद्यांना रुग्णाच्या सर्व औषधांची यादी दाखवावी. रक्त पातळ करणारी किंवा हाडांच्या ठिसूळपणावरील औषधे चालू असतील तर दात काढण्यापूर्वी त्यांनी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक असते. ही औषधे आपल्या मनाने कधीही बंद करू नयेत.

या सर्वांना जोडणारा दुवा म्हणजे वृद्धाच्या उशाशी ठेवलेली एक साधी वही. तिच्यात औषधांची नावे, घटलेले वजन, 'डाव्या बाजूने चावत नाहीत', 'कवळी काढून ठेवतात' अशी निरीक्षणे तारखेसह लिहावीत. जो कोणी सेवेसाठी येईल त्याने ती वाचावी व आपली ओळ लिहावी. दंतवैद्याकडे जाताना ती सोबत न्यावी.

सेवा करताना

वृद्धाला शक्यतो बसवावे व हनुवटी किंचित खाली ठेवावी. मऊ ब्रश व वाटाण्याएवढी फ्लोराईडयुक्त पेस्ट पुरे. चूळ भरता येत नसेल तर तोंडात पाणी ओतू नये. स्वच्छ कापड ओले करून, घट्ट पिळून हिरड्या, जीभ व गालांची आतील बाजू पुसावी. उठून बसणे अशक्य असल्यास कुशीवर वळवावे. दातांच्या मध्ये बोट घालू नये. कवळी रोज ब्रश व साबणाने धुवावी, रात्री काढून पाण्यात ठेवावी. ओठांना व्हॅसलीन लावावे. प्रत्येक कृतीपूर्वी सांगावे, विचारावे. दुसऱ्याने आपल्या तोंडात हात घालणे कोणालाही संकोचाचे वाटते. तो संकोच जपणे हाही सेवेचाच भाग आहे.

ख्रिस्तसभेचा वाटा

लूककृत शुभवर्तमानातील चांगला शमरोनी आपण जाणतो. त्याने जखमा बांधल्या, परंतु सारे काही एकट्याने केले नाही. जखमी माणसाला त्याने उतारशाळेत नेले, दोन दीनार देऊन व्यवस्थापकाच्या स्वाधीन केले व पुन्हा येण्याचे वचन दिले. सेवा पुढच्या हाती नीट सोपविणे व परत येऊन चौकशी करणे हा त्या दाखल्याचा आपण बहुधा न वाचलेला भाग आहे.

कम्युनियन घेऊन जाणारा सेवक हा वृद्धाचे तोंड उघडलेले पाहणाऱ्या मोजक्या लोकांपैकी एक असतो. त्याने पाहिलेली अडचण घरच्यांना हळुवारपणे सांगावी. ओस्ती गिळवत नसेल तर लहानसा तुकडा द्यावा व गिळता येत असेल तर घोटभर पाणी पाजावे. ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार गरज असता केवळ द्राक्षारसाच्या रूपातही कम्युनियन देता येते. याविषयी आपल्या धर्मगुरूंशी बोलावे. वृद्धांना, आजाऱ्यांना व त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना कम्युनियनपूर्वीच्या एक तासाच्या उपवासाचे बंधन नाही, हेही अनेक घरांत ठाऊक नसते.

दातदुखीने पीडितांची आश्रयदात्री संत अपोलोनिया स्वतः वयोवृद्ध होती. इ. स. २४९ च्या सुमारास अलेक्झांड्रिया येथे श्रद्धेसाठी छळ होत असता तिचे दात पाडले गेले व ती हुतात्मा झाली. तिचा स्मरणदिन ९ फेब्रुवारीला येतो. दोनच दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली घोषित केलेला जागतिक रुग्णदिन असतो. या दिवसांत प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या घरबंद वृद्धांची यादी करावी, परिसरातील दंतवैद्य, परिचारिका व आशाताईंना एकत्र बोलवावे आणि कोणत्या घरी कोण जाणार हे ठरवावे, अशी आमची नम्र सूचना आहे.

ज्या मुखांनी आपल्याला पहिली प्रार्थना शिकविली, ती मुखे आज कोरडी पडली आहेत. त्यांना पुन्हा घास चावता यावा, हसता यावे, रोझरी म्हणता यावी व प्रभूचा स्वीकार विनासायास करता यावा, यासाठी आपण सर्वांनी मिळून हातभार लावू या.