देशोदेशींची मैदाने

मुंबईच्या अंधेरी उपनगरात शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल आहे. घाटकोपर-वर्सोवा मेट्रोच्या आझादनगर स्थानकापासून ते फार दूर नाही. या संकुलातील फुटबॉलच्या मैदानावर २१ जानेवारी २०२२ रोजी ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया यांच्या महिला संघांमध्ये आशियाई चषक स्पर्धेचा सामना झाला. ऑस्ट्रेलियाने तो अठरा विरुद्ध शून्य अशा गोलफरकाने जिंकला. त्या अठरा गोलांपैकी पाच गोल संघनायिका समँथा कर हिचे होते. देशासाठी तिने केलेल्या गोलांची संख्या त्या दिवशी ५४ झाली आणि टिम केहिल या पुरुष खेळाडूचा ५० गोलांचा विक्रम मागे पडला. स्त्रिया व पुरुष मिळून ऑस्ट्रेलियासाठी सर्वांत अधिक गोल करण्याचा मान एका स्त्रीने मिळविला, आणि तो आपल्या अंधेरीत मिळविला.

समँथेला सारे जग सॅम या नावाने ओळखते. तिचा जन्म १० सप्टेंबर १९९३ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियात झाला. तिच्या वडिलांचा जन्म कलकत्त्याचा आणि तिची आजी भारतीय. लहानपणी सॅमला फुटबॉलचे वेड नव्हते. अंडाकृती चेंडू हाताने व पायाने खेळण्याचा ऑस्ट्रेलियाचा एक निराळाच खेळ आहे. तो ती मुलांच्या बरोबरीने खेळत असे. परंतु बारा वर्षांची झाल्यावर तिला तो सोडावा लागला. त्या वयानंतर मुलींना मुलांच्या संघात खेळण्याची मुभा नव्हती. आवडता खेळ असा हातचा गेला, तेव्हा हिरमुसून घरी न बसता तिने फुटबॉल जवळ केला. नव्या खेळाचे तंत्र मुळापासून शिकावे लागले. तरी पंधराव्या वर्षीच ती पर्थ शहराच्या क्लबकडून आणि पाठोपाठ देशाच्या संघातून खेळली.

हौसेने खेळणे निराळे आणि खेळावर चरितार्थ चालविणे निराळे. व्यावसायिक खेळाडू क्लबशी करार करते. कराराची मुदत ठरलेली असते. त्या मुदतीत क्लब तिला वेतन देतो. प्रशिक्षक, वैद्य आणि सरावाचे मैदान यांची व्यवस्था करतो. खेळाडूने नेमाने सराव करावयाचा, आहार व विश्रांती यांचे नियम पाळावयाचे आणि क्लब सांगेल तेथे खेळावयाचे. मुदत संपली की ती दुसऱ्या क्लबशी करार करू शकते. देशाच्या संघाचे मात्र तसे नाही. तेथे करार करून जाता येत नाही. निवड व्हावी लागते. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या वेळी क्लबने आपल्या खेळाडूंना देशासाठी मोकळे केले पाहिजे, असा नियम आहे. म्हणूनच इंग्लंडमधील हंगाम ऐन भरात असताना सॅम अंधेरीला येऊ शकली.

सॅमला परदेशी का जावे लागले, याचे उत्तर ऋतुचक्रात सापडते. ऑस्ट्रेलियातील महिलांचा हंगाम तेथील उन्हाळ्यात, म्हणजे आपल्याकडील हिवाळ्यात, काही महिनेच चाले. वर्षाचे उरलेले महिने खेळाडूने काय करावे? पृथ्वीच्या उत्तर गोलार्धात तेव्हा उन्हाळा असतो आणि अमेरिकेतील हंगाम चालू असतो. सॅम अमेरिकेत जाऊन खेळे आणि तेथील हंगाम संपला की पर्थला परत येऊन खेळे. अशी अनेक वर्षे तिने दोन्ही गोलार्धांत घाम गाळला. २०१७, २०१८ व २०१९ अशी सलग तीन वर्षे अमेरिकेच्या लीगमध्ये सर्वांत अधिक गोल तिचेच होते. पुढे लंडनच्या चेल्सी क्लबने तिच्याशी करार केला आणि २०२० च्या आरंभी ती इंग्लंडला गेली.

ज्या इंग्लंडमध्ये तिला वेतन देऊन बोलाविण्यात आले, तेथील पूर्वीची स्थिती जाणून घेण्यासारखी आहे. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूल येथे महिलांचा एक सामना पाहण्यास सुमारे ५३,००० लोक जमले होते. एवढी लोकप्रियता दिसत असतानाही पुढच्याच वर्षी तेथील फुटबॉल संघटनेने ठराव केला, की हा खेळ स्त्रियांना योग्य नाही. सबब संघटनेच्या क्लबांनी आपली मैदाने त्यांना देऊ नयेत. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. मुलींच्या अंगी कौशल्य होते, प्रेक्षकही होते. नव्हते ते मैदान. मैदान गेले की सराव जातो आणि सरावावाचून पिढ्या वाया जातात. तेथील महिलांची सर्वोच्च लीग पूर्णपणे व्यावसायिक झाली ती २०१८ साली.

भारतातील मुलींची वाटही सोपी नव्हती. मणिपूरच्या बिष्णुपूर जिल्ह्यातील बालादेवी लहानपणी मुलांबरोबर फुटबॉल खेळे. पुढे तिला मणिपूरच्या पोलीस दलात नोकरी मिळाली. तीच तिची उपजीविका होती, कारण देशात महिलांसाठी मोठा हंगामच नव्हता. महिलांच्या राष्ट्रीय लीगची पहिली अंतिम फेरी २०१७ साली दिल्लीत झाली, ती जेमतेम तीन आठवड्यांत आटोपली. तीन आठवड्यांच्या खेळावर वर्षभराचा संसार कसा चालावा? जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडमधील रेंजर्स या क्लबने बालादेवीशी अठरा महिन्यांचा करार केला. परदेशी क्लबशी व्यावसायिक करार करणारी ती पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू होय. दोनच महिन्यांत साथीमुळे तेथील सामने बंद पडले. अनोळखी देश, कडाक्याची थंडी आणि बंद मैदाने अशा स्थितीतही ती खचली नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मदरवेल संघाविरुद्ध तिने रेंजर्ससाठी पहिला गोल केला. पाठोपाठ पंजाबची मनीषा कल्याण हिने २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलॉन क्लबकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळण्याचा मान मिळविला.

या व्यवसायात यशाबरोबर दुःखेही येतात. २०२२ च्या त्याच आशियाई स्पर्धेत यजमान भारताने नवी मुंबईत इराणशी बरोबरी साधली. पण संघात साथ शिरली. दुसऱ्या सामन्यासाठी आवश्यक त्या तेरा खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत आणि भारताला घरच्या अंगणातली स्पर्धा सोडावी लागली. विक्रमवीर सॅमचेही तसेच झाले. पुण्यातील सामन्यात दक्षिण कोरियाच्या जी सो-युन हिने अखेरच्या क्षणांत गोल केला आणि ऑस्ट्रेलिया स्पर्धेबाहेर गेला. ही जी सो-युन चेल्सी क्लबात सॅमची सहकारी होती! लंडनमध्ये एकमेकींना चेंडू देणाऱ्या दोघी पुण्यात एकमेकींविरुद्ध लढल्या. खेळाने जोडलेली मैत्री आणि देशाविषयीचे कर्तव्य यांत त्यांना विरोध वाटला नाही. जानेवारी २०२४ मध्ये सॅमच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. शस्त्रक्रिया, व्यायाम आणि प्रतीक्षा यांत सुमारे वीस महिने गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये ती पुन्हा चेल्सीसाठी मैदानात उतरली आणि त्याच सामन्यात तिने गोल केला.

या सर्व कहाण्यांतून एक गोष्ट ध्यानात येते. कौशल्य खेळाडूचे असते. परंतु ते फुलावयास मैदान, दीर्घ हंगाम आणि पोटापुरते वेतन लागते. ही तीन साधने जेथे असतात, तेथे खेळाडू समुद्र ओलांडून जातात. ती घरी निर्माण झाली, तर घरचाच संघ बलवान होतो. भारतातही हा बदल हळूहळू होत आहे. २०२३-२४ पासून महिलांच्या राष्ट्रीय लीगमधील क्लब एकमेकांच्या गावी जाऊन खेळू लागले आणि हंगाम काही महिन्यांचा झाला. ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमधील चिआंग माई येथे भारताने यजमान संघाला २-१ असे हरविले. दोन्ही गोल संगीता बासफोर हिने केले. त्या विजयाने २०२६ च्या आशियाई चषक स्पर्धेचे दार भारताला उघडले. पात्रता फेरीत झुंजून भारतीय महिलांनी हे स्थान प्रथमच मिळविले होते, आणि ती स्पर्धा भरणार होती सॅमच्या ऑस्ट्रेलियात.