बायकोची परीक्षा आणि नवऱ्याचे काम

मोठ्या माणसाची परीक्षा म्हटली की घरात दोघांना घाम फुटतो. परीक्षेला बसणाऱ्या बाईला आणि तिच्या नवऱ्याला. ती म्हणते, "अहो, मला नाही जमायचं. चारचौघांत हसं होईल." तो म्हणतो, "अगं, सोपं असतं ते," आणि लगेच प्रश्न विचारायला बसतो. दोन उत्तरे चुकली की त्याचा आवाज चढतो. पुस्तक मिटते आणि बाई चुलीपाशी जाते. अशा नवऱ्यांसाठी आम्ही हे लिहीत आहोत. एखाद्या घरी नवरा शिकत असेल आणि बायको शिकवत असेल, तर तिनेही वाचावे. काम तेच आहे.

आधी परीक्षा कसली, ते पाहू. केंद्र सरकारने २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी नव भारत साक्षरता कार्यक्रम आखला. त्यालाच 'उल्लास' म्हणतात. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही आणि ज्यांचे वय १५ वर्षे किंवा जास्त आहे, त्यांच्यासाठी तो आहे. शिकवणारे पगारी नाहीत, स्वयंसेवक आहेत. शेजारचा शिकलेला मुलगा चालतो, घरची सूनही चालते. महाराष्ट्रात याची पहिली परीक्षा १७ मार्च २०२४ रोजी, रविवारी झाली. पेपर १५० गुणांचा होता. वाचनाला ५०, लेखनाला ५० आणि आकडेमोडीला ५०. प्रत्येक भागात १७ गुण मिळाले की झाले. वेळ तीन तासांचा. सकाळी १० ते संध्याकाळी ५ यांच्या दरम्यान आपल्या सोयीने यायचे होते, म्हणजे घरचे उरकून येता आले.

आता भीतीकडे वळू. ही भीती बहुतेक वेळा अक्षरांची नसते. बाईच्या मनात निराळेच चाललेले असते. "नापास झाले तर रेशन बंद होईल का? मतदार यादीतून नाव काढतील का?" असे ती मोठ्याने विचारीत नाही. म्हणून नवऱ्याने आपण होऊन सांगावे, की नाही, यातले काहीही होत नाही. नापास असा शिक्काही बसत नाही. गुण कमी पडले तर 'सुधारणा आवश्यक' असे लिहून येते, आणि पुढे पुन्हा बसता येते.

मताचा हक्क तर अक्षरावर टांगलेलाच नाही. इंग्रजांच्या राज्यात मत कोणाला होते? ज्याच्याकडे जमीन, घर, कर भरल्याची पावती किंवा शिक्षण, त्याला. २६ जानेवारी १९५० ला आपली राज्यघटना लागू झाली आणि ही अट गेली. २१ वर्षांच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत मिळाले. १९८९ पासून ते वय १८ झाले. पहिली निवडणूक १९५१-५२ साली झाली, तेव्हा देशात शंभरातल्या सुमारे १८ जणांनाच वाचता येत होते. म्हणून प्रत्येक उमेदवाराला चिन्ह दिले. चिन्ह ओळखा आणि मत टाका!

परदेशी गेलेल्या आपल्या माणसांचे तसे नाही. अमेरिकेत राहून तिथला नागरिक व्हायचे, तर अधिकाऱ्यासमोर बसून तोंडी परीक्षा द्यावी लागते. ऑक्टोबर २०२५ पासून तिथे १२८ प्रश्नांची नवी यादी आहे. त्यांतले २० पर्यंत विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. तिथेही कितीतरी मराठी नवरे रात्री जेवणानंतर बायकोला प्रश्न विचारीत बसतात, आणि तिथेही पुस्तके रागाने मिटतात! वय ५० च्या वर असेल आणि कायम राहण्याच्या परवान्यावर २० वर्षे काढली असतील, तर इंग्रजीची सक्ती नाही. दुभाषा घेऊन मराठीत उत्तर देता येते. पण परीक्षा चुकत नाही. माजिवड्याच्या बाईला मात्र नागरिक होण्यासाठी कसलाच पेपर द्यायचा नाही. ती नागरिक आहेच. ही परीक्षा तिच्या स्वतःच्या सोयीची आहे. एवढे समजले की अर्धी भीती उतरते.

मग कशाला शिकायचे, असे कोणी म्हणेल. त्याला एक जुनी हकीकत सांगतो. त्याच पहिल्या निवडणुकीची यादी करताना माणसे दारोदार गेली. पुष्कळ ठिकाणी, विशेषतः उत्तरेकडे, बायकांनी आपले नावच सांगितले नाही. कोणी अमक्याची आई म्हणून सांगितले, कोणी तमक्याची बायको म्हणून. अशा नोंदी धरता येईनात. शेवटी सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गळली. मताचा हक्क होता, पण नाव नव्हते. म्हणून अभ्यासाला सुरुवात करायची ती तिच्या पूर्ण नावाने. तिचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे, आणि आडनाव. दहादा लिहू द्यावे. 'मी लिहून देतो, तू अंगठा कर' ही सवय त्या दिवसापासून सोडावी.

अक्षरे कुठे शिकवायची? रस्त्यावर. माजिवडा नाक्यावर घोडबंदर रस्ता आणि मुंबई-आग्रा महामार्ग मिळतात. तिथे पाट्यांना तोटा नाही. 'माजिवडा' या शब्दात दोन काने आणि पहिली वेलांटी आहे. 'कापूरबावडी'त दुसरा उकार आणि दुसरी वेलांटी. 'बाळकुम'मध्ये पहिला उकार. 'कोलशेत'मध्ये मात्रा. एवढ्या चार गावांत जवळजवळ निम्मी बाराखडी आली. ही नावे तिला तोंडपाठ आहेत, त्यामुळे अक्षर अडले तरी शब्द सुटतो. बसची पाटी तिने वाचावी, नवऱ्याने गप्प उभे राहावे. गप्प राहणे हेच त्याला सर्वांत जड जाते, असा आमचा अनुभव आहे. निवडणुकीच्या वेळी आलेली चिठ्ठी जपून ठेवली असेल तर तीही काढावी. तिच्यावर 'ओवळा-माजिवडा' हे आपल्या मतदारसंघाचे नाव असते, आणि तिचे स्वतःचेही.

आकडेमोडीत तर नवऱ्याने शहाणपण दाखवूच नये. मासळी विकणारी कोळीण सव्वा किलोचा हिशेब तोंडी करते आणि सुटे पैसे परत देते. तिला बेरीज येते, फक्त ती कागदावर कशी मांडायची ते येत नाही. तेवढेच दाखवावे. एकाखाली एक आकडा आणि वर हातचा. घरचे विजेचे बिल आणि भिंतीवरचे कॅलेंडर यांवरून आकडे आणि तारखा होतात.

आणखी एक गोष्ट पुष्कळजण विसरतात. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसू लागते. बाई अडखळते, नवरा समजतो की डोक्यात शिरत नाही, आणि दोष असतो डोळ्यांचा! परीक्षेआधी डोळे तपासून घ्यावेत. चष्मा आला की वाचन किती सुधारते, ते आम्ही पाहिले आहे.

घरातली माणसे टोमणे मारतात, त्याचे काय? हे आजचे नाही. १८७३ साली अकरा वर्षांच्या रमाबाई न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी लग्न होऊन आल्या. नवऱ्याने त्यांना शिकवायला घेतले, तेव्हा घरच्याच बायकांनी त्यांना फार छळले. रानडे शिकवीत राहिले, त्या शिकत राहिल्या. पुढे पुण्याचे सेवासदन त्यांनी उभे केले आणि आपल्या आठवणींचे पुस्तक स्वतः लिहिले. आमचे सांगणे एवढेच, की टोमण्यांना उत्तर बायकोने देत बसू नये, नवऱ्याने द्यावे. आणि तिची वही पाहुण्यांना कौतुकाने दाखवू नये. तीही एक प्रकारची परीक्षाच होते.

आधीच्या आठवड्यात दोघांनी शाळेपर्यंत चालत जाऊन यावे. फाटक कुठे, वर्ग कुठे, पाणी कुठे, ते पाहून ठेवावे. घरी एकदा जुना पेपर घड्याळ लावून सोडवावा. इतका वेळ बाकावर बसायची सवय मोडलेली असते, बोटे दुखतात. परीक्षेच्या दिवशी भाकरी नवऱ्याने भाजाव्यात. पिशवीत पेन, चष्मा आणि ओळखीचा कागद ठेवावा. वर्गाच्या खिडकीत उभे राहून खुणा करू नयेत. हुशार नातवाला शेजारी बसवून उत्तरे सांगायला लावणे तर अगदी वाईट. बाहेर झाडाखाली बसावे. ती आली की "किती सोडवलंस?" हा प्रश्न पहिला नको, चहा पहिला. आणि निकाल कसाही लागो, वही कोनाड्यातच राहू द्यावी, माळ्यावर टाकू नये.