जळलेल्या रणगाड्याची साक्ष

युद्धावरील पुस्तकात मोडून पडलेल्या रणगाड्याचे छायाचित्र दिसले, की आपण चित्राखालची ओळ वाचतो आणि पान उलटतो. परंतु ती ओळ लिहिणारा पुष्कळदा रणभूमीवर गेलेलाही नसतो. चित्रातील लोखंड मात्र तेथेच होते. म्हणून साक्ष घ्यावयाची ती लोखंडाची.

एक उदाहरण घेऊ. फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील विलेर-बोकाज या गावी १३ जून १९४४ रोजी इंग्रज व जर्मन रणगाड्यांची मोठी चकमक झाली. त्यानंतरच्या छायाचित्रांत गावातील रस्त्यावर निकामी झालेले दोन जर्मन रणगाडे दिसतात. एक ‘टायगर’, दुसरा ‘पॅन्झर ४’.

ते ओळखावयाचे कसे? प्रथम चाके पाहावीत. पॅन्झर ४ ला प्रत्येक बाजूस आठ लहान चाके असतात आणि वरून येणारा पट्टा तोलण्यासाठी आणखी काही चिमुकली चाके असतात. टायगरची चाके मोठी व एकमेकांवर चढलेली असून पट्टा थेट त्यांच्यावरच टेकतो.

नंतर पृष्ठभाग पाहावा. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून १९४३ च्या उत्तरार्धापासून सप्टेंबर १९४४ पर्यंत जर्मन कारखान्यांत रणगाड्यांवर खरबरीत लेप देत असत. ट्युनिसियातील लढाई मे १९४३ मध्येच संपली होती. तेव्हा लेप दिसला, तर चित्र तेथील नव्हे, हे निश्चित.

आग मात्र फसविते. चाकांवरील रबर जळून ती लहान दिसू लागतात. टायगरचा भार झेलणारे पोलादी दांडे तापून नरम पडतात आणि गाडा खाली बसतो. यास्तव एकाच खुणेवर विसंबू नये.

या खटाटोपाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. नॉर्मंडीत दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांना दिसेल तो जर्मन रणगाडा टायगरच वाटे. बाजूंना लोखंडी पत्रे टांगलेला पॅन्झर ४ दुरून तसाच भासेही. वास्तविक टायगर सुमारे १,३५० च बांधले गेले. पॅन्झर ४ मात्र ८,००० हून अधिक. भीतीने केलेली मोजणी कागदावर उतरली, की तीच पुढे इतिहास म्हणून वाचली जाते. ती चूक चाके मोजणाराच दुरुस्त करू शकतो.

शिवाय त्या प्रत्येक गाड्यात पाच माणसे बसत. बुरुजावरील क्रमांक वाचता आला, तर तुकडी कळते. तुकडी कळली, की ती माणसे कोण होती याचा शोध घेता येतो. ज्यांच्या घरी केवळ ‘बेपत्ता’ एवढाच निरोप गेला, त्यांच्यासाठी ते चित्र निव्वळ भंगाराचे नसते.

म्हणून पुढच्या वेळी असे चित्र दिसले, तर चित्राखालची ओळ हाताने झाकावी आणि प्रथम चाके मोजावीत.