नोकरी सुटली, पण उमेद सुटू नये

सण नाही, लग्नसराई नाही, तरी शहरातला मुलगा बॅगा घेऊन दारात उभा राहतो, तेव्हा घरातल्या जाणत्या माणसाला काय ते कळून चुकते. कंपनीने माणसे कमी केली आणि त्यात आपल्या मुलाचाही नंबर लागला. लातूर-नांदेडकडची कितीतरी तरुण मंडळी आज पुण्या-मुंबईत आणि हैदराबादेत कारखान्यांत, गोदामांत, संगणकाच्या कंपन्यांत कामाला आहेत. म्हणून ही वेळ आज शेजारच्या घरावर आली, तर उद्या आपल्याही घरावर येऊ शकते.

नोकरी जाणे हे एक संकट झाले. ते सगळ्यांना दिसते. त्याच्या पाठोपाठ दुसरे येते, ते मात्र चटकन दिसत नाही. नवी नोकरी शोधता शोधता माणूस आतून दमून जातो. पहिल्या महिन्यात तो दिवसाला वीस-वीस अर्ज करतो, रात्री बारापर्यंत मोबाइल सोडत नाही. दुसऱ्या महिन्यात उत्तरे येत नाहीत म्हणून चिडचिड सुरू होते. तिसऱ्या महिन्यात अर्ज करावासाच वाटत नाही. आणि नेमके तेव्हाच एखाद्या चांगल्या ठिकाणाहून बोलावणे आले, तर मुलाखतीला बसण्याचे बळ अंगात उरलेले नसते.

वाचकहो, औत हाकणाऱ्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. पेरणीची कितीही घाई असो, दुपारी औत सोडावेच लागते. बैलाला पाणी, वैरण आणि घटकाभर सावली मिळाली नाही, तर दुसऱ्या दिवशी तो जू पाहताच बसकण मारतो. बैलाच्या बाबतीत आपण जे जाणतो, तेच घरातल्या माणसाच्या बाबतीत विसरतो. नोकरी शोधणे हेही कष्टाचे काम आहे. त्याला जुंपण्याची वेळ हवी, तशी सोडण्याचीही वेळ हवी.

गिरणी बंद पडते तेव्हा

हे दुखणे आपल्या भागाला नवे नाही. नांदेडची उस्मानशाही मिल ही निजामाच्या काळातली कापड गिरणी. पुढे ती डबघाईला आली. १९७४ साली केंद्र सरकारने कायदा करून देशातल्या १०३ आजारी कापड गिरण्या ताब्यात घेतल्या, त्यांत तीही होती. तरीही अखेर ती बंद झालीच. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात उतरले. पुष्कळांना ते काम पुन्हा मिळालेच नाही आणि हजारोंनी गावची वाट धरली. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा तर शहरातून माघारी आलेली माणसे आपण आपल्याच गावात पाहिली.

गिरणी बंद पडली की पगार जातो, एवढेच आपण धरून चालतो. पण पगाराबरोबर आणखी काय जाते, हे परदेशातल्या एका गावाने दाखवून दिले. ऑस्ट्रियात व्हिएन्ना शहराजवळ मारिएनथाल नावाचे गाव आहे. सारे गाव एका कापड गिरणीवर जगत असे. १९२९-३० मध्ये ती गिरणी बंद पडली आणि जवळजवळ प्रत्येक घर बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह तिथे जाऊन लोकांचे जगणे जवळून पाहिले आणि १९३३ साली त्यावर पुस्तक लिहिले.

त्यांना काय दिसले? माणसांजवळ वेळच वेळ होता, तरी गावच्या वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या निम्म्यावर आली. पुरुष रस्त्याने सावकाश चालू लागले, जागोजागी थांबू लागले. बहुतेकांनी घड्याळ बाळगणेही सोडून दिले. दिवसभर काय केले, असे विचारले तर धड सांगता येत नव्हते. भोंगा होता तेव्हा दिवसाला आकार होता. भोंगा थांबला आणि दिवस विस्कटला. बायकांचे तसे झाले नाही, कारण चूल, मुले आणि धुणे यांनी त्यांचा दिवस बांधलेला होता.

या अभ्यासातून आपण एक गोष्ट घ्यावी. मोकळा वेळ म्हणजे विसावा नव्हे. काम आणि विसावा या दोहोंची वेळ ठरलेली असेल, तरच माणूस टिकतो.

आधी कागद आणि हिशेब

घरी आल्यावर पहिले चार-आठ दिवस अर्जांच्या मागे लागू नका. झोप भरून काढा आणि कागद जमवा. कामावरून मुक्त केल्याचे पत्र, अनुभवाचा दाखला, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणि भविष्यनिर्वाह निधीचा खाते क्रमांक हे सारे एका पिशवीत ठेवा. दोन महिन्यांनी हेच कागद मागायला गेलात, तर हेलपाटे पडतात.

आपला हक्कही जाणून घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. कायद्याने जो कामगार ठरतो आणि ज्याची सलग एक वर्ष नोकरी झाली आहे, त्याला कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई मिळते. नोकरीला पाच वर्षे झाली असतील, तर उपदानाचीही, म्हणजे ग्रॅच्युइटीचीही चौकशी करा. राजीनाम्याच्या कागदावर घाईने सही करू नका, कारण राजीनामा आणि कपात यांत पैशाचा मोठा फरक पडतो. शंका असल्यास कामगार आयुक्त कार्यालयात विचारा.

मग एका रात्री जेवणे झाल्यावर सारे घर हिशेबाला बसू द्या. हातात किती आहे, महिन्याला किती लागते, हप्ते किती आहेत, हे कागदावर मांडा. आपल्याजवळ चार महिने आहेत की आठ, हे एकदा कळले की मनातली निम्मी धास्ती कमी होते. हप्ता थकणार असे दिसले, तर थकण्याआधीच बँकेत जाऊन सांगा. ‘नोकरी लावून देतो, एवढे पैसे भरा’ म्हणणाऱ्याच्या नादी लागून सावकाराचे कर्ज मात्र मुळीच काढू नका.

दिवसाला बांध घाला

आता रोजच्या वेळेचे पाहू. सकाळी नऊ ते बारा, एवढाच वेळ नोकरीच्या शोधाला द्या. त्या तीन तासांत दुसरे काही नको आणि बारानंतर ते काम नको. एकाच साच्याचे वीस अर्ज पाठवण्यापेक्षा नीट वाचून केलेले दोन अर्ज बरे. ओळखीच्या एका माणसाला रोज फोन करा. जुने सोबती, मुकादम, शाळेतले मित्र यांच्याकडूनच जागांची खबर पुष्कळदा आधी लागते. जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात नाव नोंदवा. पूर्वी आपण ज्याला सेवायोजन कार्यालय म्हणत असू, तेच हे.

एक वही घाला. तारीख, कंपनी, कोणाशी बोललो, पुढे कधी विचारायचे, असे चार रकाने आखा. संध्याकाळी वहीत पाहताना किती उत्तरे आली ते मोजू नका, आपण ठरवलेले काम केले की नाही तेवढे पाहा. पेरणी आपल्या हातात असते, पाऊस नसतो. पाऊस लांबला म्हणून कोणी पेरणाऱ्याला नालायक म्हणत नाही. नकार आला की तो त्या जागेपुरता धरावा, आपल्या साऱ्या जन्माचा निकाल समजू नये.

दुपारनंतर अंगमेहनतीचे काम करावे. पाणी देणे, खुरपणी, गोठा, जे निघेल ते. अंग थकले की झोप लागते आणि झोप लागली की दुसऱ्या दिवशी डोके चालते. सोयाबीनची काढणी अंगावर आली, तर त्या आठ दिवसांत शोधाचे तीन तास कमी करून एक करा, पण तो एक सोडू नका. आठवड्याचा एक दिवस, हवे तर बाजाराचा दिवस, पूर्ण सुट्टीचा ठेवा. रात्री जेवणानंतर जागांच्या जाहिराती पाहणे बंदच करावे.

मुलाखतीसाठी रात्रभर प्रवास करून सकाळी थेट कंपनीच्या दारात जाऊ नका. पहिली बोलणी फोनवर होतील का, ते आधी विचारा. जावेच लागले, तर आदल्या दिवशी पोचून नातेवाइकाकडे मुक्काम करा आणि त्याच फेरीत आणखी दोन ठिकाणी भेटून या. मधल्या काळात लातूरच्या डाळ मिलमध्ये किंवा एखाद्या दुकानात हिशेबाचे काम मिळाले, तर कमीपणा मानू नका. चार पैसे येतात आणि दिवसालाही शिस्त राहते.

घरच्यांनी काय करावे

मुलाने कितीही ठरवले, तरी घराने साथ दिली नाही तर उपयोग नाही. रोज ताटावर बसताना ‘लागलं का रे काही?’ असे विचारणारी आई प्रेमानेच विचारते, पण रोज ‘नाही’ म्हणताना मुलाच्या घशाखाली घास उतरत नाही. त्याऐवजी आठवड्यातला एक वार ठरवा. त्या दिवशी त्याने आपण होऊन सांगावे, इतर दिवशी कोणी विचारू नये.

पारावर लोक विचारणारच. ‘काय बापू, लई दिवस राहिलास की औंदा?’ असे कोणी म्हटले, तर वडिलांनीच सरळ सांगून टाकावे, ‘कंपनीनं माणसं कमी केलीत. दुसरं काम बघायलाय.’ लपवले की घरातल्या प्रत्येकाला खोटे बोलावे लागते आणि ते ओझे मुलाच्या डोक्यावर चढते. उघड सांगितले, तर त्या चार माणसांतलाच एखादा कामाची जागाही सांगतो.

आणखी दोन टोके टाळा. घरी आहेच म्हणून त्याला दिवसभर शेतात राबवून घेऊ नका, सकाळचे तीन तास त्याचेच असू द्या. आणि पाहुण्यासारखे नुसते बसवूनही ठेवू नका.

लेकी-सुनांचे दुखणे मात्र उलटे असते. सुनेची नोकरी सुटली, की ‘आता घरीच आहे ना’ म्हणून सारा स्वयंपाक, पोरे, गुरे तिच्या गळ्यात पडतात. तिचा दिवस भरलेला असतो, पण अर्ज करायला तासभरही मिळत नाही. ती घरकामाने दमते आणि शोध राहून गेल्याच्या रुखरुखीनेही दमते. तिलाही सकाळचे तीन तास बांधून द्या. तेवढ्या वेळात पोरे सासूने किंवा नवऱ्याने सांभाळावीत. नोकरी तिची गेली असली, तरी पगार साऱ्या घराला येत होता.

या खुणा दिसल्या तर

झोप उडणे, जेवण कमी होणे, क्षुल्लक गोष्टीवरून भडकणे, माणसांत मिसळणे टाळणे, दारूकडे वळणे, ‘माझा घराला भारच आहे’ असे बोलणे, या खुणा पंधरा दिवसांहून अधिक टिकल्या, तर हा आळस नव्हे, आजार आहे असे समजा. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर रात्री-अपरात्री केव्हाही फोन करता येतो. पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येते. केंद्र सरकारने ही सेवा २०२२ साली सुरू केली. नांदेडजवळ विष्णुपुरीला आणि लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, तिथे मानसोपचाराचे डॉक्टर भेटतात.

जीव देण्याची भाषा कोणाच्या तोंडून निघाली, तर ती थट्टा समजू नका. त्या माणसाला एकटे सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि आपण शेतकरी आहोत, म्हणून हे आवर्जून सांगायचे: फवारणीचे औषध घराबाहेर, कुलपात ठेवा आणि किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे असू द्या. वाईट घटका टळली, तर पुष्कळदा माणूस वाचतो.

तेव्हा बंधू-भगिनींनो, तुमच्या घरात आज कोणी नोकरी शोधत असेल, तर आज रात्रीच दोन गोष्टी ठरवून टाका. उद्या सकाळी त्याचे किंवा तिचे काम किती वाजता सुरू होईल, आणि किती वाजता ते थांबेल. पहिली गोष्ट तर तो स्वतःहूनही ठरवील. दुसरी मात्र घराने ठरवून द्यायची आहे.