मनगटावरचा निशिगंध

मागच्या उन्हाळ्यात डोंगरकड्याच्या आमच्या वस्तीत एक लग्न होते. नवरीचा मावसभाऊ पुण्याला नोकरीला. त्याने तिच्यासाठी सेंटची बाटली आणली, गुच्ची कंपनीची ‘ब्लूम’. फिकट गुलाबी, चौकोनी, आतले काही दिसत नाही अशी. किंमत ऐकून आजीने तोंडाला पदर लावला. केळीच्या बागेतली किती दिवसांची मजुरी झाली, याचा हिशेब तिथेच मांडला गेला.

हे पान लिहिणाऱ्या आम्ही दोघी तिथे होतो. मग नवरीने आमच्या, आजीच्या आणि स्वतःच्या मनगटावर एकेक फवारा मारला.

पहिल्या मिनिटात नाकाला फक्त स्पिरिट झोंबले. सेंटमध्ये बहुतांश अल्कोहोलच असते, ते उडून जाईपर्यंत नाक जवळ नेऊ नये. मग हिरव्या देठासारखा वास आला आणि त्यामागून निशिगंध. हारातला ताजा, जरा लोण्यासारखा जड. आजी लगेच म्हणाली, “हा तर गुलछडीचा वास!” तिचे बरोबर होते. अल्बेर्तो मोरिलास या कारागिराने बनवलेला हा सेंट २०१७ साली बाजारात आला. त्यात निशिगंध, चमेलीची जात आणि तिसरी मधुमालती आहे. तीच, जी आपल्याकडे कुडाच्या भिंतीवर चढते, संध्याकाळी पांढरी उमलते आणि पुढे गुलाबी, लाल होत जाते.

तासाभराने वास मऊ झाला, पावडर आणि अंगाच्या साबणासारखा. काही सेंट तासातासाला बदलतात, हा फारसा बदलला नाही. चौघींच्या हातांवर मात्र तो सारखा टिकला नाही. आजीची कातडी कोरडी, तिच्या हातावरून दुपारपर्यंत गेला. नवरीच्या हातावर संध्याकाळीही मंद येत होता. कोरड्या त्वचेवर वास लवकर उडतो, थोडे खोबरेल लावलेल्या त्वचेवर जास्त थांबतो. आणि आपला वास आपल्याला दहा-पंधरा मिनिटांत येईनासा होतो, नाक त्याला सरावते. ‘वास गेला’ म्हणून पुन्हा पुन्हा मारणारा माणूस शेजारच्याला खोकला आणतो. घरात दमेकरी असेल तर सेंट बाहेर मोकळ्या हवेत मारावा. पेटत्या चुलीजवळ किंवा मेणबत्तीजवळ तर मुळीच नको, अल्कोहोल भडकते.

हे सगळे लिहायला बसलो ते मात्र दुसऱ्याच एका मुलीमुळे. ती नांदेडला कॉलेजला जाते. बाजारातल्या स्वस्त, नाव ओळखीचे पण कागद संशयाचा अशा बाटलीतून रोज मानेवर पाच-सहा फवारे मारायची. मानेवर लाल पुरळ उठले, खाज सुटली, ओढणी सहन होईना. इतका सेंट कशाला, असे विचारले तर खाली बघून म्हणाली, “बसमध्ये शेजारी बसलेल्याने नाक मुरडू नये म्हणून.”

नाक मुरडणाऱ्याला वासाची गरज नसते, हे आपल्या घरांत कुणाला सांगायला नको. पण आरोग्याची गोष्ट सांगायची तर ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतले जंतू त्यावर वाढले की वास येतो. त्याला साबण-पाणी, कोरडे अंग आणि रोज धुतलेला कपडा लागतो. सेंटने घाम झाकला जात नाही, दोन्ही वास मिसळतात. त्या मुलीच्या अंगाला वास नव्हताच.

पुरळाचे म्हणाल तर ती बहुधा अ‍ॅलर्जी. ती एक-दोन दिवसांनीही उठते, त्यामुळे लोकांना सेंटचा संशय येत नाही. एकदा एखाद्या सुगंधी द्रव्याची अ‍ॅलर्जी जडली की सहसा जन्मभर राहते, आणि तेच द्रव्य साबणात, क्रीममध्येही असू शकते. महागड्या सेंटनेही हे होते, फुलांच्या अस्सल अर्कानेही. लिनालूल हे फुलांत आपसूक असणारे द्रव्य हवा लागून जुने झाले की जास्त त्रास देते. म्हणून बाटलीचे झाकण घट्ट लावावे, ती उन्हात ठेवू नये. नवा सेंट कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा थोडासा, असा आठवडाभर लावून पाहावा. खाज आली तर तो आपला नाही. नकली बाटलीत काय भरले आहे, हे कुणीच सांगू शकत नाही. परदेशी मालावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक असायला हवा. ताज्या दाढीवर, चिरलेल्या कातडीवर, लहान लेकरांना सेंट लावू नये.

पुरळ उठले तर सेंट बंद, साध्या पाण्याने धुणे आणि सरकारी दवाखाना. मेडिकलवाल्याने दिलेले स्टेरॉइडचे मलम मनाने चोळू नये, त्याने कातडी पातळ होते.

त्या मुलीची मान तीन आठवड्यांत बरी झाली. लग्नात ती आली तेव्हा नवरीने आपल्या बाटलीचा एक फवारा तिच्या ओढणीच्या टोकावर मारला, कातडीवर नाही. दुसऱ्या दिवशी ओढणी धुवायला टाकली, तर आजी म्हणाली, “राहू दे, अजून वास आहे.”